गुलबक्षी शेवाळ

लोकर खोटं बोलत नाही, असं रंगारीण नेहमी म्हणायची. माणूस तोंडावर गोड बोलतो आणि पाठीमागे खड्डा खणतो. पण लोकरीची लड पाण्यात बुडवली की जे प्यायली ते अंगावर घेऊनच वर येते. त्या सकाळी शेवटच्या खंगाळणीतून तिने काठीवर पांढरी लड उचलली, आणि खिडकीच्या उजेडात धरली. लड पांढरी नव्हती. पिवळी म्हणावी तर पिवळीही नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या दाताचा रंग असतो ना, तसा काहीतरी तिला चढला होता.

तिने काठी आडव्या दांडीवर टेकवली आणि एकेकाची झडती घेतली. तांब्याची भांडी लखलखीत. पांढऱ्या कामाच्या काठ्या वेगळ्या, त्यांना आजवर रंगाचा थेंब शिवला नव्हता. साबण तोच, हात तेच. उरलं कोण? पाणी.

रंगशाळेच्या मागच्या भिंतीला दगडी हौद होता, आणि टेकाडाच्या पोटातून निघणारा झरा त्यात पडायचा. आत्याने रंगशाळा तिच्या हवाली केली तेव्हा भांडी, तराजू, तुरटीच्या बरण्या यांच्याआधी तिला या हौदापाशी आणून उभं केलं होतं. "रंग बाजारात मिळतो गं पोरी," आत्या म्हणाली होती, "पाणी मिळत नाही. हे पाणी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. म्हणून तर याच्यात पांढरं पांढरंच राहतं. याला जप."

तिने चिनीमातीचा पांढरा वाडगा हौदात बुडवून वर काढला. तांब्याच्या भांड्यात जे निर्मळ वाटत होतं, ते वाडग्यात फिक्या चहासारखं दिसलं.

दुपारी विणकरीण माल न्यायला आली. तिने लड बोटांत घोळवली, डोळे बारीक केले.

"हे पांढरं?"

"पांढरंच आहे की."

"अगं बाई, माझ्या सासूबाईंच्या केसांत याच्यापेक्षा जास्त पांढरं आहे, आणि त्या केस रंगवतात!" विणकरणीने लड खाली ठेवली. "रंगीत कुणीही करतं. तुझ्याकडे मी पांढऱ्यासाठी येते. परत धू. जमलं तर निरोप दे, नाहीतर मी आपली दुसरं दार बघते."

ती गेली. रंगारीण हौदाच्या काठावर बसली आणि तिने मान वर केली. कौलांच्या वर टेकाड, टेकाडाच्या माथ्यावर दादाचं घर, आणि दादाच्या घरामागे दलदल.

ती साधी चिखलाची दलदल नव्हती. शेवाळावर शेवाळ साचून, मेलेलं न कुजता तसंच दबून, पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढलेले. त्या काळ्या, मऊ थराला पीट म्हणतात. वाळवलं तर चुलीत जळतं, ओलं असलं तर पाणी असं पितं की पिळून पिळून हात दुखावेत. बाबांनी उभा जन्म तिथे चर खणले, पाणी काढून दिलं, पीट कापून विकलं. त्यांच्यामागे दलदल दादाकडे आली आणि खालची रंगशाळा आत्याकडून हिच्याकडे. वर भाऊ, खाली बहीण, मधे नुसती माती. मग संशय घ्यायचा तरी दुसऱ्या कुणाचा?

लडी फिरवताना गुणगुणायची तिला सवय होती. शब्द कुठून यायचे तिचं तिलाच कळत नसे. आज आले ते असे:

वर माझा बंधू, खाली माझं दार
मधी वाहे पाणी, त्याला कोण गं राखणार

खरं सांगायचं तर संशयाचं बी आजचं नव्हतं. वसंतापासून दादाचं काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी टेकाड उतरला की हौदावर पाय धुवून, "काय गं, आज कुठला रंग?" असं विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. आता फळ्या खांद्यावर घेऊन मागच्या वाटेने चढायचा. गुडघ्यापर्यंत काळा, नखांत काळं, आणि हिला पाहिलं की नजर जमिनीवर.

लड दुसऱ्यांदा धुतली आणि पुन्हा तसाच दाताचा रंग चढला, तेव्हा तिने पदर खोचला आणि टेकाड चढली.

दलदलीच्या फाटकापाशी वहिनी उभी होती. फाटकाला नवी कडी. कडीत नवा खिळा.

"या ना वन्सं, घरात या. चहा टाकते."

"चहा माझ्याकडे हौदभर आहे," रंगारीण म्हणाली. "दादा कुठे?"

"ते ना... आत आहेत. कामात."

"मग मीही आत जाते. काय गं, लहानपणी याच चिखलात लोळलेय मी."

वहिनीने फाटकावर हात ठेवला. हळूच, पण ठेवला. "आत्ता नको. जमीन फसवी झालीय. पाय जातो खाली. ते म्हणालेत, कुणालाही सोडू नकोस."

"कुणालाही? मी कुणीही का?"

वहिनी हसली, पण ते हसू ओठांच्या टोकाला येऊन थांबलं. रंगारणीने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. आणि तिला तो लोखंडी खांब दिसला.

बाबांनी तो दलदलीच्या मधोमध, पीट भेदून खालच्या घट्ट मातीपर्यंत ठोकला होता. कामाला लागताना ते त्यावर टोपी अडकवायचे. टोपी त्यांच्या छातीशी यायची. हिला ती काढता येत नसे म्हणून दादा हिला उचलून घ्यायचा. तोच खांब आता उंच, किडकिडीत, माणसाच्या डोक्यावर कितीतरी चढलेला. खांब काय झाड आहे वाढायला? कुणीतरी तो उपटून वर काढत होतं. बाबांचा खांब!

"खांबाला काय झालं?" तिने विचारलं.

"खांबाला?" वहिनीने मागे न बघताच म्हटलं. "खांबाला काय व्हायचंय?"

मागे न बघता उत्तर देणारं माणूस काहीतरी लपवत असतं, हे रंगारणीने टेकाड उतरताना मनाशी पक्कं केलं.

निरोप धाडल्यावर पाणीखात्यातून तपासणारी बाई आली ती खांद्यावर बाटल्यांची पिशवी किणकिणवत. रंगारणीने मनातल्या मनात तिचं नाव बाटलीबाई ठेवून दिलं. तिने झऱ्याच्या तोंडाशी बाटली भरली, उन्हात धरली, तिच्यात काहीबाही थेंब टाकले, आणि मग हौदाच्या काठावर ऐसपैस बसली, जणू माहेरी आली होती.

"घाबरू नका. विष नाही. हा कार्बन आहे, पाण्यात विरघळलेला."

"कार्बन म्हणजे कोळसा?"

"कोळशाचा चुलतभाऊ समजा. शेवाळ हवेतला कार्बन घेऊन वाढतं आणि मरतं. पाण्याखाली असेपर्यंत ते नीट कुजत नाही, कारण तिथे हवा पोचत नाही, आणि हवेवाचून कुजवणारे जंतू अर्धपोटी. दलदल म्हणजे कुलूपबंद कोठार. पण पाण्याची पातळी उतरली की कुलूप निघालं. हवा आत, जंतूंची मेजवानी सुरू. मग काही कार्बन वायू होऊन वर उडतो, तो आपल्याला दिसत नाही. काही पाण्याबरोबर मातीच्या आत, आडवा, चोरपावलांनी सरकतो. तो हा." तिने बाटली हलवली. "तुमच्या लोकरीला चढला तो शेवाळाचा अर्क आहे."

"म्हणजे वर कुणीतरी काहीतरी केलंय."

"पाण्याच्या पातळीशी कुणीतरी खेळलंय एवढं नक्की. पातळी उतरवली की चढवली, ते मात्र बाटली सांगत नाही." बाटलीबाईने पिशवी आवळली. "कुणावर संशय आहे का? तुम्ही नाव दिलंत तर आम्ही वर जाऊ, काम थांबवू. परवानगी नसेल तर जमीन ताब्यातसुद्धा घेतात."

भावाचं नाव रंगारणीच्या जिभेवर आलं. दातांनी अडवलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"करा. पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली भरायला यायचंच आहे मला."

ती गेली, आणि रंगारीण त्या नावाशी एकटीच उरली. नाव घ्यावं तर भाऊ जातो. घेऊ नये तर आत्याचा झरा जातो. आणि नाव चुकीचं निघालं तर? दोन्ही जातात, वर तोंड काळं. छे. आधी खात्री करायला हवी. आणि खात्री करण्याची तिला एकच रीत ठाऊक होती. तिने फळीवरचा गुलबक्षी रंगाचा डबा उतरवला.

गुलबक्षी हा रंग म्हणजे गावभर बोंबलणारी पोर. चिमूटभर टाकली तरी हौद लाजेने लाल. वर दलदलीत ओतला आणि खाली हौदात उतरला, तर पाण्याची वाट दादाच्या कामातूनच येते हे आंधळ्यालाही दिसेल.

दादा-वहिनी बाजाराला गेले त्या दुपारी ती घागर घेऊन चढली. फाटकाच्या वाटेला गेलीच नाही. कुंपण जिथे खडकाला टेकतं तिथून वाकून आत शिरली. पायाखाली जमीन गादीसारखी दबली, सुस्कारा टाकून पुन्हा वर आली. पुढे बाबांचा मोठा चर होता, किंवा असायला हवा होता. त्याच्या जागी ताजं खणलेलं काळं, त्यातून डोकावणारी फळ्यांची टोकं, आणि वर हिरव्या शेवाळाच्या चकत्या नीट थापलेल्या. आजूबाजूला पाणी साचलेलं.

"चोरीवर गवत अंथरलंय," ती पुटपुटली. आणि फळ्यांशेजारच्या ओल्या खळग्यात तिने घागर उपडी केली. हिरवं शेवाळ क्षणभर गोंधळलं, मग गुलबक्षी झालं. तिने जवळचं गवत ओढून ते झाकलं. आपणही तेच केलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

घरी येऊन तिने झऱ्याच्या तोंडाशी एक पांढरी लड बांधली, खाली पांढरा वाडगा ठेवला, आणि वाट पाहू लागली. दुसऱ्या दिवशी लड चहाची. त्याच्या पुढच्या दिवशी चहाची. मधे पाऊसही पडून गेला, टेकाड निथळलं, झरा फुगला. लड अधिकच चहाची. गुलबक्षीचा मागमूस नाही.

पाण्या, पाण्या, सांग, कुठल्या वाटेनं तू आला
माझ्या पांढऱ्या लोकरीला डाग कुणाचा लागला

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. दादा नाही! पाणी त्याच्या कामातून येत नाही! छातीवरचा दगड उतरला, पण पायावर पडला. कारण पाणी वरून येत नसेल, तर रंग कुणीतरी हाताने आणून ओतत होतं. संशयाचं असं असतं, एक भाडेकरू निघाला की घर रिकामं राहत नाही, दुसरा सामान घेऊन दारात उभाच. आणि दुसऱ्याच्या काखेत बादली होती.

वहिनी! रोज सकाळी झऱ्यावर येते ना ती? स्वतःच्या घरी विहीर असताना? बादलीवर फडकं झाकून? आणि परवा तिच्या पदराच्या काठाला तपकिरी डाग होता. पिढ्यान्‌पिढ्यांचं नणंद-भावजयीचं वैर काही उगीच गाण्यांत आलेलं नाही. मोहोर झडला तरी लोक वाऱ्याला बोल लावतात. इथे तर वारा पदर खोचून उभा होता.

उजाडता उजाडता रंगारीण हौदामागे, लाकडांच्या ढिगाशी बसली. वहिनी आली. इकडेतिकडे पाहिलं. बादलीवरचं फडकं काढलं. बादलीत काचेची बरणी होती. ती वाकली, आणि—

"ओत!" रंगारीण ढिगामागून उठली. "ओत, ओत, माझ्यासमोरच ओत!"

वहिनीच्या हातून बरणी सुटायचीच बाकी राहिली. "अगो बाई! वन्सं! जीव गेला असता माझा!"

"काय आहे त्यात?"

"काही नाही!"

"रोज काय ओततेस माझ्या झऱ्यात?"

"ओतत नाही हो, भरते!" वहिनीने रिकामी बरणी उलटी करून दाखवली. "रोज एक बरणी भरून नेते. ते खिडकीत ठेवतात आणि बघत बसतात. कालच्यापेक्षा काळं का, कालच्यापेक्षा फिकं का. जेवण गार होतं तरी हलत नाहीत."

"कोण, दादा? आणि मला विचारायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्हाला?" वहिनीचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो चढलेला रंगारणीने ऐकला नव्हता. "तुम्हाला कशाला विचारतील? तुमचाच तर संशय आहे त्यांना! आधी तुम्ही सांगा, वन्सं, तुम्ही काय ओतलंत आमच्या दलदलीत?"

रंगारणीची नजर टेकाडाकडे गेली.

"फाटक लावलं, तरी मागून आलात. परवा गवत बाजूला केलं तर खाली शेवाळ गुलबक्षी! दादा तुमचे खाली मान घालून बसलेत. म्हणतात, माझ्या बहिणीने भांड्यांची घाण माझ्या दारात आणून टाकली."

"घाण? मी?" रंगारणीचे कान तापले. मग वहिनीच्या बोलण्यातलं भलतंच काहीतरी तिच्या कानात अडकलं. "थांब. अजून गुलबक्षी आहे?"

"आहे म्हणजे? लख्ख आहे! जत्रेतल्या फुग्यासारखं."

"इतका पाऊस होऊनही?"

वहिनीने उत्तर द्यायच्या आत ती टेकाड चढायला लागली होती.

दादा खळग्याशी उकिडवा बसला होता. बहिणीला पाहून तो उठला नाही.

"आलीस? ये. बघ आपली कलाकारी."

"आधी तू सांग, बाबांच्या चराचं काय केलंस?"

"आधी तू सांग, माझ्या शेवाळावर विष का ओतलंस?"

"विष नाही ते, रंग आहे! तुझी चोरी पकडायला ओतला!"

"माझी चोरी?" आता तो उठला. "मी कुणाच्या बापाचं चोरलं?"

"माझ्याच बापाचं! तो खांब कुणी उपटला?"

दादाने खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याला रडावं की हसावं कळेना. "हलवून बघ," तो म्हणाला. "जा, हलवून बघ उपटलेला खांब."

ती गेली. दोन्ही हातांनी खांब धरला, रेटला. खांब ढिम्म. त्याच्या अंगावर, तिच्या डोक्याच्या वर, गंजाची एक जुनी काळी रेघ होती. जमीन एकेकाळी जिथे टेकायची ती रेघ.

"खांब वर नाही आला," दादा मागून म्हणाला. "आपण खाली गेलो. बाबांनी पाणी काढलं, पीट वाळलं, कुजलं, वायू होऊन उडालं, वाहून गेलं. खांब तिथेच आहे. जमीन संपत चाललीय त्याच्याभोवती."

रंगारीण त्या रेघेकडे बघत राहिली. बाबांची टोपी कुठे अडकायची आणि आपण कुठे उभ्या आहोत, हे तिने डोळ्यांनी मापलं. मग ती परत खळग्याशी आली, खाली बसली आणि मूठभर गुलबक्षी शेवाळ उपटून तिने जोर लावून पिळलं. बोटांमधून पाणी गळलं. तपकिरी, फिकं, चहाचं. गुलबक्षीचा एक थेंब नाही. रंग सगळा शेवाळात, त्याखालच्या पिटात, गच्च.

"धरला," ती म्हणाली. "अरे, याने रंग धरला! तुरटी नाही, उकळी नाही, काही नाही. लोकरीपेक्षा पक्का धरला. मी बाई मूर्ख! जन्मभर लोकर रंगवली, आणि रंगाला निरोप्या करून पाठवलं ते लोकरीच्याच घरात. तो कशाला पुढे जातोय? वाटेतच मुक्काम ठोकला."

"म्हणजे काय?" वहिनी धापा टाकत मागून पोचली होती.

"म्हणजे रंग खाली आला नाही म्हणून पाणी येत नाही, असं नाही. पाणी येतंच." तिने दादाकडे पाहिलं, आणि डोळे पुन्हा बारीक झाले. "तुझ्याच कामातून येतं."

दादा वाकला. मग त्याने फळ्यांवरची शेवाळाची चकती उचलली. आत फळ्या आडव्या ठोकलेल्या, त्यांच्यामागे पीट ठासलेलं.

"मी चर खणत नाही," तो म्हणाला. "बुजवतोय. बाबांचे सगळे चर. पाणी परत वर चढावं म्हणून. दलदल अशीच वाळत गेली तर झराही जाणार, तुझा. पाणी धरणारं वर काही उरणारच नाही."

"मग सांगायचं नाही?"

"तुला? बाबांच्या कुदळीला गंज चढला तरी माझ्याशी महिनाभर अबोला धरणारी तू. बाबांचे चर बुजवतो म्हटलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"आणि मग?"

"मग काय? तू बुजवले नसतेस."

"म्हणून नाही सांगितलं."

तिने मुठीतलं शेवाळ खाली टाकलं. ती म्हणाली, "चर बुजलाय तर काळं पाणी येतं कुठून?"

"कान लाव," दादा म्हणाला.

लहानपणी तो असंच म्हणायचा, आणि ती कान लावायची, आणि तो मागून पाठीवर बेडूक सोडायचा. तिने आधी त्याचे दोन्ही हात बघितले. रिकामे होते. मग ती ओल्या जमिनीवर आडवी झाली. आधी नुसतं गार लागलं. मग खोल कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावं तसं, पाणी बोलत होतं. एका जागी नाही; इकडून तिकडे, अंधारात चाचपडत, उताराकडे.

"कोरड्या वर्षांत पिटाला भेगा गेल्या," दादा सांगत होता. "भेगांच्या नळ्या झाल्या. वरून मी दार लावलं, पण तळघराच्या वाटा उघड्याच. इतकी वर्षं आत जे कुजून सुटं झालं होतं, ते आता पाणी चढल्यावर धुऊन निघतंय. तेच तुझ्या हौदात येतंय. मला ठाऊक होतं पहिलं पाणी काळं येणार. इतकं काळं येईल हे ठाऊक नव्हतं. म्हणून बरणी."

"किती दिवस येणार?"

"एखाद-दोन वर्षं, म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"ज्यांनी फळ्या दिल्या ते."

"फळ्या देणारा काय म्हणणार? फळ्या काढ म्हणणार?" ती उठली, कानातला चिखल पुसला. "आणि नाही निवळलं तर?"

दादाने खांदे उडवले. खोटी हमी द्यायची त्याची खोड नव्हती. तेवढ्यावरच तिने त्याला निम्मं खरं मानलं.

विणकरणीला तिने त्याच दिवशी निरोप धाडला: पांढरं नाही, कधी होईल सांगता येत नाही. विणकरीण दुसऱ्या दाराला गेली. पांढऱ्या काठ्या फडक्यात गुंडाळून रंगारणीने वर, आढ्याशी ठेवल्या, कुणी हात लावू नये अशा.

बाटलीबाई ठरल्याप्रमाणे आली. बाटली भरली, उन्हात धरली, जिभेने चक् केलं. "काळंच आहे अजून. मग? विचार झाला का? कुणावर संशय?"

रंगारणीला वर टेकाडावर फाटक वाजल्याचा भास झाला. दादा तिथे उभा असेल, इकडेच बघत असेल. तोही बहिणीला पुरता ओळखून होता.

"आहे ना," ती म्हणाली. "माझ्या वडिलांवर."

"कुठे असतात ते?"

"वारले."

बाटलीबाई गोंधळली. मग टेकाडाकडे, मग हिच्याकडे पाहून तिला काहीतरी उमजल्यासारखं झालं. "आणि जिवंत माणसांपैकी?"

"जिवंतांपैकी कुणाचं नाव नाही माझ्याकडे. वर चर बुजवताहेत. जाऊन बघा, थांबवू मात्र नका. फाटकाशी माझं नाव सांगा, म्हणजे आत सोडतील." ती थांबली. "निदान आता तरी सोडायला हवं. आणि एक करा. तुम्ही येत राहा बाटल्या घेऊन. संशय नाही माझा कुणावर, पण लक्ष सगळ्यांवर आहे. तुमच्यावरसुद्धा."

बाटलीबाई मोठ्याने हसली आणि किणकिणत टेकाड चढली.

तेव्हापासून बरणी वहिनी वर नेत नाही. सकाळी झऱ्यावर येते, भरते, आणि रंगशाळेच्या खिडकीत, कालच्या बरणीशेजारी ठेवते. मग दोघी कपाळाला कपाळ लावून बघत बसतात. मागे भांड्यात निळा नाहीतर शेंदरी उकळत असतो.

"वन्सं, तुमची नजर रंगाऱ्याची. सांगा ना. फिकं आहे की नाही आज?"

रंगारीण बघते. आजच्या बरणीतून खिडकीचा गज कालच्यापेक्षा किंचित स्पष्ट दिसतोय. अगदी किंचित. केसाच्या रुंदीएवढा. पण ती ते चेहऱ्यावर येऊ देत नाही. वर फाटकाशी कुणीतरी हात कपाळावर धरून उत्तराची वाट बघत उभं आहे, हे तिला ठाऊक आहे.

ती आजची बरणी उचलते. उलटसुलट करून तळ बघते. नाकाशी नेऊन वास घेते.

"खरं सांग वहिनी," ती म्हणते. "ही बरणी साबणाने घासलीस का?"